काझी कुणाच्या घरचा?

चर्नी रोड स्टेशनातून बाहेर पडून ऑपेरा हाउसकडे वळले की गिरगावचा एक निराळाच चेहरा दिसायचा. पंचरत्न इमारतीच्या आसपास, भर रस्त्यात, माणसे कागदाच्या पुड्या उघडून हिरे न्याहाळत उभी असायची. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाला आणि यातला मोठा धंदा तिकडे गेला. त्या गर्दीतून जाताना आम्हाला एका गोष्टीचे नवल वाटे. हिरा आफ्रिकेतला, घासणारे हात सुरतेचे, दलाल गिरगावातला. आणि किमतीचे माप मात्र अमेरिकेचे. कच्चा माल डॉलरमध्ये घ्यायचा, पैलू पाडलेला डॉलरमध्येच परदेशी पाठवायचा. अमेरिकेचा माणूस सौद्यात नसला तरी तिचे चलन मधोमध बसलेले.

इमाम गझाली यांनी नाण्याविषयी मोठा मार्मिक विचार मांडला आहे. नाणे स्वतः खाता येत नाही, नेसता येत नाही. दोन वस्तूंमध्ये निवाडा करणाऱ्या न्यायाधीशासारखे त्याचे काम. म्हणून जो नाणे साठवून ठेवतो, तो जणू काझीलाच कोंडून ठेवतो. आमच्या मनात पुढचा प्रश्न येतो: काझीच एका पक्षकाराच्या घरचा असेल तर?

१९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे जगाने डॉलरला हे काझीपण दिले. ३५ डॉलरला एक औंस सोने, हा अमेरिकेचा शब्द होता. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो मागे घेतला. निर्णय एकाचा, परिणाम सर्वांवर. पुढे १९९१ मध्ये आपली परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, तेव्हा सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवावे लागले. देशात धान्य होते, माणसे होती, कारखाने होते; नव्हते ते दुसऱ्याचे चलन.

इथवर आपण सगळे एकमताने मान डोलावू. पण गाऱ्हाणे मांडणाऱ्याने आपल्या घराची वहीही उघडावी.

एके काळी आखाती मुलखात आपला रुपयाच चालत असे. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, ओमान इथल्या बाजारात तो रोजच्या व्यवहारातले नाणे होता. दुबईकडून चोरट्या मार्गाने सोने मुंबईत येई, त्याबदली नोटा तिकडे जात आणि त्या परत आल्या की रिझर्व्ह बँकेला पौंड मोजावे लागत. हे थांबवण्यासाठी १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. हाजींसाठीही ‘हज’ असे छापलेल्या वेगळ्या नोटा काढल्या गेल्या. भारतातल्या बाजारात त्या चालत नसत. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. मग ६ जून १९६६ रोजी दिल्लीने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला ४.७६ रुपये होते ते ७.५० झाले. दुबईच्या व्यापाऱ्याला कुणी विचारले होते? कतार आणि दुबईने त्याच वर्षी नवा रियाल काढला, तोही अवमूल्यनापूर्वीच्या रुपयाच्या किमतीचा. माप त्यांनी जुनेच ठेवले. सोडला तो आपला रुपया.

तेव्हा काझी आपल्या घरचा होता आणि आपणही घरचेच हित पाहिले.

आजचेही पाहू. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये परदेशी व्यापाराची बिले रुपयात करण्याची सोय दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये अबुधाबीच्या तेलाचे पैसे प्रथमच रुपयात चुकते झाले. याचा आनंद आम्हालाही आहे. पण त्याच वर्षी मे महिन्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह गोव्यात बोलून गेले, की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साचले आहेत आणि ते वापरता येत नाहीत. काझीला कोंडणे म्हणजे काय, हे यावरून कळते. समोरच्याला त्या पैशाचे काही घेता येत नसेल, तर नोटेवर कुणाचेही नाव असो, त्याच्या हाती कागदच राहतो.

आणि आपल्या कोकणातल्या घरांचे काय? दिरहम डॉलरला बांधलेला. रुपया घसरला की रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरातला मुलगा दुबईला आहे, तिथे मनिऑर्डर जड होते आणि घर खुश होते. शेजारचा रिक्षावाला मात्र त्याच घसरणीपायी महागलेले इंधन भरतो. आम्ही स्वतः असा आनंद केला आहे, हे कबूल करायला हवे. तेव्हा शेजाऱ्याची आठवण झाली नव्हती.

मापात खोट करणाऱ्यांना कुरआनाने कडक शब्दांत बजावले आहे: घेताना पुरे मोजून घेतात, देताना कमी देतात. ही ताकीद तराजूवाल्या दुकानदारापुरतीच आहे, असे आम्हाला वाटत नाही. चलन ज्याच्या हाती, त्याच्याकडे साऱ्यांच्या मेहनतीची अमानत असते. डॉलरच्या जागी उद्या रुपया बसला, युआन बसला, तरी ही अमानत सांभाळण्याचा प्रश्न सुटत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या दारात जातो. आपल्या दारात आला, तर १९६६ च्या त्या व्यापाऱ्याला आपण या वेळी विचारणार आहोत का?