नळीतली आहुती

वाचा आणि गिळण्याचे उपचार हे माझं काम. अर्धांगवायूनंतर रुग्ण तोंडाने काय नि किती खाऊ शकतो, ते आम्ही ‘फॉइस’ या सात पायऱ्यांच्या मापावर नोंदवतो. क्रॅरी, मॅन आणि ग्रोहर यांनी ते २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. पहिली पायरी म्हणजे तोंडाने काहीच नाही, सातवी म्हणजे कसलंच पथ्य नाही.

एका वृद्ध भिक्षुक आजोबांच्या कागदावर मी १ लिहिलं. नाकात अन्न देण्याची नळी (राइल्स ट्यूब), बोलणं अडखळत, बुद्धी लख्ख. ते म्हणाले, “ताई, मुखात घास नाही. मग प्राणाहुती कशाची? हे जेवण यज्ञकर्म कसं?”

प्राण, अपान, व्यान, उदान, समान. जेवणाच्या आरंभी या पाच प्राणांना दिलेल्या आहुत्या दाताला न लावता गिळण्याची रीत आहे. घसा लुळा पडलेल्या माणसाला याच आहुत्या घातक. न चावलेलं शीत श्वासनलिकेत उतरू शकतं आणि पातळ पाणी तर फार चटकन. पुष्कळदा ठसकासुद्धा लागत नाही, न्यूमोनिया झाल्यावरच कळतं. घरचे चमचाभर तीर्थ मायेनेच पाजतात, आणि माझा जीव तिथेच धास्तावतो.

पण आजोबांच्या प्रश्नाला ‘धोका आहे’ हे उत्तर नव्हे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात वैश्वानर अग्नी चार प्रकारचं अन्न पचवतो. भाष्यकारांनी ते प्रकार सांगितले: चावायचं, गिळायचं, चाटायचं, चोखायचं. हे भेद तोंडाचे. अग्नी पोटात आहे, आणि सुनेने नळीत सोडलेली पेज त्याच अग्नीत पडते. मी म्हटलं, “आजोबा, जन्मभर तुम्ही यजमानाच्या वतीने आहुत्या टाकल्यात. फळ कुणाला मिळालं?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “यजमानाला.”

चव गेल्याचं दुःख मात्र यातून फिटत नाही. ‘ईट-टेन’ या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा आहे: गिळण्याच्या त्रासामुळे खाण्यातला आनंद कमी झाला का? उत्तर शून्य ते चार. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. तैत्तिरीय उपनिषदातला भृगू आधी अन्नाला ब्रह्म म्हणून ओळखतो आणि शेवटी आनंदाला. फॉइस अन्नापाशी थांबतं. हा प्रश्न पुढचं विचारतो.

पुढे व्यायाम झाले, पुन्हा तपासणी झाली, आणि चमचाभर दाट पेज आजोबांच्या घशातून नीट उतरली. पोषण अजून नळीनेच चालू होतं. पोटाच्या हिशेबात तो चमचा नगण्य, तरी मापात त्याला वेगळी पायरी आहे, दुसरी. ती ठेवणाऱ्यांनी माणसाचं मन जाणलं, असं मी मानते.

तुमच्या घरी कुणी नळीवर असेल, तर उपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तीर्थाचा थेंबही तोंडात घालू नका. नळीतून अन्न देताना त्यांच्याजवळ बसून जेवणाचा श्लोक जरूर म्हणा. आणि गिळण्याची पुढची तपासणी कधी, हे डॉक्टरांना विचारत राहा.