महादेवा, हातात औषध दिलंस, आता पारख दे

महादेवा, आम्ही झोपलो तरी काळीज चालू राहतं, अन्न पुढे सरकतं, अंधारात डोळ्यांच्या बाहुल्या आपोआप मोठ्या होतात. ही कामं तू आमच्या लक्षात राहण्यावर सोपवली नाहीस, म्हणून आधी तुझे आभार. पळायला-लढायला उठवणाऱ्या नसा वेगळ्या, विसाव्याला आणि पचनाला बसवणाऱ्या वेगळ्या. त्यांचे निरोप घ्यायला पेशीपेशीवर तू रिसेप्टर ठेवलेस. ॲड्रेनलिन एकच, पण ते रक्तवाहिनीच्या अल्फा रिसेप्टरवर बसलं की वाहिनी आवळते आणि श्वासनळीच्या बीटा रिसेप्टरवर बसलं की नळी सैल होते. औषधशास्त्रज्ञ रेमंड अलक्विस्ट यांनी 1948 मध्ये ही अल्फा-बीटाची वाटणी मांडली, आणि पुढच्या किती औषधांना त्यातून वाट मिळाली!

आमची गोळी तू ठेवलेल्या या जागांवरच जाऊन बसते. कुठे निरोप पोचवते, कुठे जागा अडवून धरते. कुठली जागा अडवायची, एवढंच आम्ही ठरवायचं असतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटते.

कोकणात तांबडा विंचू डसलेलं पोर दवाखान्यात आणतात तेव्हा ते घामानं निथळत असतं, ओकत असतं, लाळ गळत असते. विषानं नसांमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या नसा एकदम खवळतात. मग हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, काळीज दमतं, फुफ्फुसांत पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे मरण जवळून पाहिलं, लक्षणं टिपून ठेवली, आणि पुढे रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची साधी गोळी देऊन पाहिली. ती अल्फा रिसेप्टर अडवते, आवळलेल्या वाहिन्या सैलावतात, काळजावरचं ओझं उतरतं. 1986 मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. वेळेत गोळी मिळू लागली तसे मृत्यू शंभरात एखाद-दुसऱ्यावर आले. देवा, त्या दोघांना उदंड आयुष्य दे.

पण असाच घाम, अशीच लाळ, अशीच ओकारी घेऊन फवारणी करणारा शेतकरीही येतो. नसांचा निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम कीटकनाशकानं त्याच्या अंगात बंद पाडलेलं असतं, छाती स्रावानं भरत असते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, ती तुला ठाऊकच आहेत. अशा रुग्णाला ॲट्रोपिन द्यायचं, छातीतली घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायचं. तुझ्या पिंडीवर वाहतात त्या धोतऱ्यातही हेच ॲट्रोपिन आहे. हेच इंजेक्शन विंचू डसलेल्या पोराला दिलं तर घाम सुकेल, बरं वाटल्यासारखं दिसेल, पण आधीच उधळलेल्या काळजाचा लगाम सुटेल. म्हणून देवा, नुसता घाम बघून माझा हात कपाटाकडे जाऊ देऊ नकोस. बाहुल्या बघायला, कपड्यांना फवारणीच्या औषधाचा वास येतो का ते हुंगायला, ‘शेतात होता की सरपणाला हात घातला होता?’ असं विचारायला मला थांबव.

साध्या दिवशीही माझ्याबरोबर राहा. छातीत धडधड होते म्हणणाऱ्या बाईला प्रोप्रॅनोलॉल लिहिण्याआधी दम्याचं विचारायचं मला आठवू दे, कारण तिच्या श्वासनळीचे बीटा रिसेप्टरही ती गोळी अडवते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना क्लोरफेनिरामिनची सर्दीची गोळी देताना त्यांची लघवी तुंबू शकते हे ध्यानात असू दे.

आणि ज्यांच्या घरात आज रात्री विंचू निघेल, त्यांना पहिल्या तासातच आमच्याकडे पाठव. भगतानं अंगारा लावला तर लावू दे, पण त्यानंच पुढे हाक मारून गाडी बोलवावी अशी बुद्धी त्याला दे. वाटेत ओढ्याला पाणी असेल तर उतार दे. आमच्या आरोग्य केंद्राच्या कपाटात प्राझोसिन असू दे, गोळी दिल्यावर पोराला आडवंच ठेवा, उठवू नका, हे आईला समजावून सांगायला माझ्या जिभेवर धीर दे.