शब्दाशीं इमान कीं अर्थाशीं?

परक्या भाषेंतून भाषांतर करणारा मनुष्य पावलोपावलीं सावध असतो. सोयऱ्या भाषेंतून भाषांतर करणारा बहुधा निर्धास्त असतो, आणि म्हणून तोच अधिक फसतो. हिंदींत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठींत थट्टा. अक्षरें तींच, कानाला ओळखीचीं. त्यामुळें कोश उघडावा असें मनांतही येत नाहीं. यंत्रांकरितां रचलेल्या भाषांनाही हें लागू पडतें, आणि तेथें हा प्रश्न केवळ भाषेचा न राहतां नीतीचा होतो, असें मला अलीकडे एका प्रसंगानें दिसून आलें.

संगणकाला आज्ञा देण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांत 'पायथॉन' ही फार लोकप्रिय आहे. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. पुढें मागचे दोष काढून टाकण्यासाठीं डिसेंबर २००८ मध्यें तिची तिसरी आवृत्ति निघाली, आणि ती दुसरीशीं सर्वस्वीं जुळती राहणार नाहीं, हें जाणूनबुजून पत्करण्यांत आलें. दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. अर्थात् जुन्या भाषेंतील असंख्य आज्ञावली, म्हणजे नित्याच्या बोलण्यांतले प्रोग्रॅम, नव्या भाषेंत उतरवणें भाग पडलें. त्या कामीं 'टू-टू-थ्री' नांवाचें एक साधन भाषेबरोबरच पुष्कळ वर्षें मिळत असे. जेथें शब्दाचें रूप बदललें होतें, तेथें तें रूप बदलून देई. परंतु जेथें रूप तेंच राहून अर्थ बदलला होता, तेथें त्याचा इलाज चालत नसे.

भागाकाराचें उदाहरण घ्या. जुन्या भाषेंत सातांस दोहोंनीं भागिलें तर उत्तर तीन येई. दोन्ही संख्या पूर्ण असल्यामुळें वरचा अर्धा ती टाकून देई. नवी भाषा साडेतीन सांगते. चिन्ह दोन्हीकडे एकच, ती तिरपी रेघ. त्या जागीं पूर्ण संख्या येणार कीं अपूर्ण, हें नुसत्या ओळीवरून बहुधा कळत नाहीं. म्हणून तें साधन भागाकाराला हात लावीत नसे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे एका शिक्षणसंस्थेची निकाल लावणारी आज्ञावली नव्या भाषेंत उतरवण्याचें काम आलें होतें. संस्थेचा नियम असा कीं, दोन परीक्षांच्या गुणांची सरासरी काढावी, अर्धा गुण आल्यास पुढचा पूर्ण गुण द्यावा, आणि चाळिसांवर उत्तीर्ण करावें. आज्ञावलींत अर्ध्याचा पूर्ण करण्याची आज्ञाही होती. पण एखाद्यास ३९ आणि ४० गुण मिळाले, तर ७९ चा भागाकारच ३९ येई. अर्धा गुण त्या आज्ञेपर्यंत पोंचतच नसे. मुलगा नापास होई. तीच ओळ, एक अक्षरही न बदलतां, नव्या भाषेंत त्याला ४० देऊन उत्तीर्ण करते!

"सर, आतां मी काय करूं?" त्यानें विचारलें. "उत्तर जुनेंच येऊं देऊं, कीं बरोबर येऊं देऊं?"

"अरे, बरोबर येऊं दे, यांत विचारायचें काय?" असें माझ्या तोंडावर आलें होतें. परंतु त्यानेंच दुसरा आंकडा दाखविला. बेरीज ८१ असेल, तर सरासरी साडेचाळीस; नियमानें ४१ हवे. नवी भाषा मात्र नेमका अर्धा आला कीं जवळच्या सम संख्येकडे वळते, आणि ४० देते. म्हणजे नवें तेंच बरोबर, असेंही नाहीं. शिवाय मुकाट्यानें केलेल्या दुरुस्तीनें चूक जाते खरी, पण पूर्वी जे अर्ध्या गुणानें अडले, त्यांच्यावरील अन्यायाचा मागही तिच्याबरोबर पुसला जातो.

मग शब्दशः इमान राखावें काय? 'मी केवळ भाषांतर करणारा' असें म्हणून जाणूनबुजून जुना अन्याय स्वतःच्या हातानें पुन्हां लिहिणें, हेंही मला इमान वाटत नाहीं. ज्याला चूक दिसली, तो तिच्यापुरता तरी परका राहत नाहीं.

बराच वेळ बोलून आम्ही या निर्णयावर आलों कीं, भाषांतर आणि सुधारणा हीं दोन निरनिराळीं कृत्यें आहेत, आणि तीं एकाच हातचलाखींत उरकूं नयेत. प्रथम जुन्या उत्तरांशीं तंतोतंत जुळणारी प्रत तयार करावी. अपूर्णांक टाकणाऱ्या भागाकारासाठीं नव्या भाषेंत दुहेरी तिरपी रेघ आहे, तीच तेथें घालावी. मग चूक उदाहरणांसह लेखी कळवावी, आणि ज्यांचा अधिकार आहे त्यांच्या संमतीनें उघडपणें ती सुधारावी. निवाडा करणें हें भाषांतरकाराचें काम नव्हे. निवाडा करण्याजोगें येथें कांहीं आहे, हें लपूं न देणें मात्र त्याचें काम आहे.

त्यानें तसें पत्र लिहिलें. पुढच्या निकालांपुरती दुरुस्ती संस्थेनें मान्य केली. मागील निकालांचें काय, या त्याच्या दुसऱ्या परिच्छेदाला अद्याप उत्तर आलेलें नाहीं. मी त्याला तो परिच्छेद पुन्हां पाठविण्यास सांगितलें आहे.