रुग्णशय्येवरील नागरिक

ज्याच्या हातून कांहीं होण्यासारखें नाहीं, त्यानें सार्वजनिक घडामोडींकडे किती व कसें लक्ष द्यावें? कर्त्याचें कर्तव्य काय, याचा ऊहापोह आपण नेहमीं करतों. पाहणाऱ्याचें कर्तव्य काय, हें मात्र बहुधा गृहीत धरून चालतों. निरोगी मनुष्याला हा प्रश्न सहसा पडत नाहीं. तो दिवसभर कांहीं ना कांहीं करीत असतो आणि त्या भरांत, आपण पुष्कळशा गोष्टी नुसत्या पाहत आहों, याचा त्याला विसर पडतो. अंथरुणाला खिळलेल्या मनुष्याला तशी सोय नसते. त्याला पाणी हवें तरी हांक मारावी लागते. त्यामुळें आपल्या हातीं काय आहे आणि काय नाहीं, याचा हिशेब त्याला घडोघडीं करावा लागतो. म्हणून हा प्रश्न रुग्णाच्या बाजूनें मांडून पाहणें सोयीचें आहे.

सन २०२२ च्या जूनमध्यें पुण्यांत माझ्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्यांत आला. झिजलेल्या हाडांचीं टोकें कापून त्यांवर धातूचीं टोपणें बसवावयाचीं, मध्यें कठीण प्लॅस्टिकची चकती ठेवावयाची आणि कातडी पुन्हां शिवावयाची, असें हें काम दीड-दोन तासांत उरकतें. शल्यवैद्याचें काम तेथें संपतें. रुग्णाचें तेथून सुरू होतें. दुसऱ्याच दिवशीं वॉकर धरून उभें करतात. पोटरींत रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून पाऊल तासातासाला वरखालीं हालवावें लागतें. मांडीचा स्नायू आवळून पांच आंकडे होईपर्यंत धरावयाचा, टांच बिछान्यावरून घसटत मागें आणावयाची, सुजेवर बर्फ ठेवावयाचा, आणि उद्यां हेंच पुन्हां. गुडघा ९० अंशांत वाकूं लागला म्हणजे खुर्चीवर नीट बसतां येतें. तो पल्ला गाठण्यांत आठवडे जातात आणि सूज पुरती उतरण्यास कित्येक महिने. पाटावर मांडी घालून जेवण्याचें सुख तर बहुधा कायमचेंच सुटतें.

मी घरीं आलों आणि त्याच आठवड्यांत महाराष्ट्राचें राज्य हालूं लागलें. २० जून रोजीं विधान परिषदेची निवडणूक झाली. २१ जूनला सकाळीं, एकनाथ शिंदे आपल्या बरोबरच्या आमदारांसह सुरतेस गेल्याचें कळलें. सुरतेहून ते गुवाहाटीस गेले, गुवाहाटीहून गोव्यास. २९ जूनच्या रात्रीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमताच्या चाचणीस स्थगिति नाकारली आणि उद्धव ठाकरे यांनीं मुख्यमंत्रिपद सोडलें. ३० जूनला शिंदे यांचा शपथविधि झाला. ४ जुलै रोजीं १६४ विरुद्ध ९९ मतांनीं त्यांनीं सभागृहाचा विश्वास मिळविला. चौदा दिवसांत एक सरकार गेलें व दुसरें आलें. त्याच दिवसांत, दोन वर्षांच्या खंडानंतर, आषाढीची पायीं वारी पुन्हां निघाली होती. २२ जूनला ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पालख्या पुण्यांत आल्या, भवानी पेठेंत आणि नाना पेठेंत मुक्कामास राहिल्या, आणि एक दिवे घाटानें व दुसरी लोणी काळभोरच्या बाजूनें पुढें गेली. आमदार विमानानें जात होते, वारकरी पायांनीं जात होते, आणि मला न्हाणीघरापर्यंतचीं बावीस पावलें हाच दिवसाचा मोठा प्रवास होता.

रुग्णाला भेटावयास येणारे लोक फळांबरोबर उपदेशही घेऊन येतात. माझ्याकडे येणाऱ्यांत दोन तट होते. एक म्हणे, "हें सारं बंद ठेवा. तुम्हांला काय करायचंय? मन शांत असलं म्हणजे जखम लवकर भरते." दुसरा म्हणे, "अशा वेळीं डोळे मिटून पडून राहणं बरं नव्हे. राज्य कुणाच्या हातीं जातंय तें बघायला नको?" पहिला पक्ष शरीराच्या कळवळ्यानें बोले, दुसरा नागरिकधर्माच्या. दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे आणि दोघांचेंही बोलणें अपुरें आहे, असें मला वाटतें. तें कसें, हें क्रमानें पाहूं.

पहिला पक्ष घेऊं. सांधा बदललेल्या रुग्णास एक सूचना बजावून देतात, ती अशी कीं गुडघ्याखालीं उशी घेऊं नये. उशी घेतली म्हणजे गुडघा किंचित् वाकलेला राहतो, ताण जातो, कळ थांबते आणि झोंप लागते. परंतु त्याच स्थितींत तो आंखडत जातो आणि मग पाय पुरता सरळ होत नाहीं. म्हणजे विश्रांति निराळी आणि आराम निराळा. विश्रांतीनें अवयव पुन्हां कामास लायक होतो. आरामानें त्याचा दुबळेपणाच कायम होतो. 'मला काय त्याचें' हें वाक्य अशीच एक उशी आहे. दुखण्याच्या दिवसांत तें म्हणण्यास सबळ निमित्त मिळतें, आणि निमित्त सरल्यावरही संवय सरत नाहीं. ज्याचें सहा आठवडे राज्यावांचून चाललें, त्याचें पुढें सहा वर्षेंही चालतें. मात्र राज्याचेंही त्याच्यावांचून चालूं लागलें आहे, हें त्याच्या फार उशिरां ध्यानांत येतें.

आतां दुसरा पक्ष. सतत लक्ष ठेवणें हें कर्तव्य आहे, असें तो म्हणतो. पण लक्ष ठेवणें म्हणजे काय? त्या दिवसांत घरोघर दूरचित्रवाणी सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालू होती. हॉटेलचें फाटक, विमानतळाचा दरवाजा, मोटारींची रांग, हींच दृश्यें फिरून फिरून दिसत. आमदारांची मोजदाद तासातासाला होई. ३७ हा आंकडा तर शाळकरी पोरांच्याही तोंडीं होता: शिवसेनेचे आमदार ५५, त्यांचे दोन-तृतीयांश ३७. हे ३७ जमले म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्याची भीति उरत नाहीं, असें जो तो सांगे. परंतु १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनें आलेला हा कायदा २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनें बदलला गेला. पक्षांतील फुटीला पूर्वीं असलेलें संरक्षण तेव्हां काढून टाकण्यांत आलें आणि दोन-तृतीयांशांची सोय विलीनीकरणापुरती उरली. हें विचारणारा अथवा सांगणारा माझ्या खोलींत तरी क्वचितच आला. अहोरात्र पाहूनही, आपण जें मोजीत आहों तें कशासाठीं, हें पुष्कळांना ठाऊक नव्हतें. याला लक्ष म्हणावयाचें, तर क्रिकेटच्या धांवफलकाकडे पाहण्यालाही देशसेवा म्हणावें लागेल.

कुतूहल आणि कळकळ हीं बाहेरून सारखीं दिसतात. दोहोंतही मनुष्य कान टवकारून बसतो, दोहोंतही त्याची झोंप उडते. फरक पुढें कळतो. कुतूहलाला रोज नवें हवें असतें. कालची बातमी त्याला शिळ्या भातासारखी वाटते. कळकळीला निकाल हवा असतो, मग तो कितीही उशिरां येवो. मला व्यायाम शिकविण्यास येणारी मुलगी पहिल्याच दिवशीं म्हणाली, "काका, आधीं टीव्ही बंद करा. बातम्या चालू असल्या कीं सगळ्यांचं मोजणं चुकतं." तिच्या बोलण्यांत राजकारणाचा अनादर नव्हता. जें तुमच्यावांचून होणार नाहीं त्याचा हिशेब, जें तुमच्यावांचून होत आहे त्याच्या गोंगाटांत हरवूं नका, एवढेंच तिचें सांगणें होतें.

तो हिशेब हरवला म्हणजे काय होतें, हें मीं पडल्या पडल्या पाहिलें. माझ्या परिचयाचे दोन गृहस्थ, चाळीस वर्षांचे स्नेही, त्या पंधरवड्यांत एकमेकांशीं बोलेनासे झाले. एक माझ्याकडे सकाळीं येई, दुसरा संध्याकाळीं. जिन्यांत गांठ पडूं नये एवढ्यासाठीं ही वांटणी. दोघांच्याही बोलण्यानें एकाही आमदाराचें मत हालणार नव्हतें. जेथें त्यांची कांहींच सत्ता नव्हती, तेथें त्यांनीं सर्वस्व पणास लावलें. आणि जी मैत्री सर्वस्वी त्यांच्या हातची होती, ती सहज सोडून दिली.

येथें एपिक्टेटस या स्टोइक तत्त्ववेत्त्याची आठवण व्हावी, हें साहजिक आहे. तो गुलामगिरींतून सुटलेला होता, आणि पायानें अधू होता असें परंपरा सांगते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस सम्राट् डोमिशिअननें तत्त्ववेत्त्यांना रोममधून हांकून दिलें, तेव्हां तो ग्रीसमधील निकोपोलिस येथें जाऊन शिकवूं लागला. अधू पाय आणि उलथापालथीचें राजकारण, दोन्ही त्याच्या वांट्यास आलीं होतीं. कांहीं गोष्टी आपल्या हातच्या असतात, कांहीं नसतात, आणि त्यांची निवड करतां येणें हा शहाणपणाचा आरंभ, ही त्याच्या शिकवणीची पहिली पायरी. आपले विचार, इच्छा आणि तिटकारे हे आपल्या हातचे. शरीर, संपत्ति, लौकिक आणि अधिकार हे नव्हेत.

रुग्णाला ही शिकवण चटकन् पटते. पण ती जशीच्या तशी पत्करण्यास दोन अडचणी आहेत. शरीर हें सर्वस्वी हाताबाहेरचें आहे, हें खरें नाहीं; आज ६० अंश वाकणारा गुडघा रोजच्या मेहनतीनें महिन्याभरांत पुष्कळ अधिक वाकतो. आणि एपिक्टेटस हा साम्राज्याचा प्रजाजन होता, आपण प्रजासत्ताकाचे मतदार आहों. तेव्हां हातचें आणि हाताबाहेरचें यांच्यामध्यें तिसरा एक वर्ग मानावा लागतो: जें आज हातांत नाहीं, पण रोज थोडथोडें केल्यास पुढें येतें. गुडघा त्या वर्गांतला आहे, आणि राज्यही त्याच वर्गांतलें आहे.

या तिसऱ्या वर्गाचा धर्म निराळा. घटकाघटकेला वाकवून पाहिल्यानें गुडघा लवकर वाकत नाहीं, अधिक सुजतो. महिनाभर विसरल्यास ताठून बसतो. त्याला रोजचें, बेताचें आणि न कंटाळतां दिलेलें लक्ष लागतें. २०२२ च्या त्या प्रकरणाचें पुढें काय झालें, पाहा. न्याय्य काय आणि अन्याय्य काय, याचा विचार त्या चौदा दिवसांत झालाच नाहीं. तो नंतर झाला. ११ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें निकाल दिला. राज्यपालांनीं बहुमताची चाचणी बोलाविणें समर्थनीय नव्हतें, असें त्यांत सांगितलें. परंतु चाचणीस सामोरे न जातां ठाकरे यांनीं राजीनामा दिल्यामुळें पूर्वस्थिति आणतां येत नाहीं, असेंही सांगितलें. आणि आमदारांच्या अपात्रतेचा प्रश्न विधानसभाध्यक्षांकडे सोंपविला. अध्यक्षांनीं १० जानेवारी २०२४ रोजीं शिंदे यांच्या गटास खरा पक्ष ठरविलें आणि दोन्हीं गटांतील कोणासही अपात्र केलें नाहीं. हे दोन निर्णय कोणास पटोत वा न पटोत, पुढील काळांत पक्ष कसे फुटतील, राज्यपाल काय करतील आणि मताचा अर्थ किती उरेल, याचे धागे त्यांत गुंतलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हां मीं माझ्या त्या दोन्ही स्नेह्यांपाशीं विषय काढला. दोघांपैकीं एकानेंही तो वाचला नव्हता. "आतां काय त्याचं?" असें दोघेही म्हणाले, आणि तेवढ्यापुरतें तरी त्यांचें एकमत झालें. लक्ष ही मनुष्याची मर्यादित मिळकत आहे. ज्यानें ती चौदा दिवसांत उधळली, त्याच्याजवळ पुढील दोन वर्षांसाठीं कांहीं उरलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हें खाऊनपिऊन सुखी मनुष्याचें तत्त्वज्ञान आहे. ज्याला पेन्शन घरबसल्या मिळतें, त्यानें स्वस्थ चित्ताचे पाठ खुशाल द्यावेत. पेरणीसाठीं पावसाची आणि पीककर्जाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास किंवा ज्याची अर्जी मंत्रालयांत पडून आहे त्यास सरकार कोणाचें, हा प्रश्न उद्यांच्या भाकरीचा असतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो मला मान्य आहे. परंतु त्यानें माझें म्हणणें खोडलें जात नाहीं, उलट पुष्ट होतें. त्या शेतकऱ्याला विमानतळाच्या चित्रांचें काय होय? त्याला कर्जाचें काय झालें हें हवें असतें, आणि तें तो महिनोमहिने विचारीत राहतो. त्याची ती कळकळ आहे. ज्यांना झळ लागत नाहीं, त्यांनीं निदान त्याच्याइतक्या चिकाटीनें विचारीत राहावें, एवढेंच माझें मागणें आहे. स्वास्थ्य असलेल्या माणसाला उदासीन होण्याची जशी सवड असते, तशीच लक्षांत ठेवण्याचीही असते. आणि ज्याला सवड अधिक, त्याची जबाबदारीही अधिक.

तेव्हां पाहणाऱ्याचें कर्तव्य मला असें दिसतें. घडत असलेल्या गोष्टीचा मुख्य प्रश्न कोणता, हें शोधावें. तो प्रश्न जितक्या दिवसांचा असेल, तितके दिवस त्याच्याशीं राहावें. आपल्या मताला पिकण्यास वेळ द्यावा, आणि तें पिकण्यापूर्वीं त्याच्यासाठीं माणसें तोडूं नयेत. हें सर्व अंथरुणावर पडून करतां येतें. त्याला मजबूत पाय लागत नाहींत. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं महाराष्ट्राच्या विधानसभेसाठीं मतदान झालें, तेव्हां त्या चौदा दिवसांना सुमारें अडीच वर्षें होत आलीं होतीं. कोणी कोणास मत दिलें, हा येथील विषय नाहीं. मतपेटीच्या आडोशाशीं मनुष्य एकटा असतो, आणि तेथें तो आदल्या आठवड्याची बातमी घेऊन जातो कीं अडीच वर्षांचें स्मरण, हें त्याचें त्यालाच ठाऊक असतें. पाहणाऱ्याची परीक्षा तेथें होते, आणि ती घेणारा दुसरा कोणी नसतो.