तेच ते नसतं



ही गोष्ट मी आधी कवितेत लिहायला बसलो होतो. जमली नाही. कवितेत माणूस स्वतःला लवकर माफ करून टाकतो. म्हणून साधं लिहितोय.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. तुटलेला धागा सांधायचा, पुन्हा तुटला की पुन्हा सांधायचा. शाळा दहावीला सुटली. इंग्रजी मी माझं मीच शिकलो, रद्दीतून किलोच्या भावानं आणलेल्या डिक्शनरीतून. शब्द वहीत उतरवायचे, रात्रपाळीला पाठ करायचे. सोयीसाठी सारख्या अर्थाचे शब्द मी एका घरात बसवले होते. 'नोकरी जाणे' या घरात पाच जण होते: रिझाईन, रिटायर, रिट्रेंच, डिस्चार्ज, डिसमिस. पाचही तोंडपाठ. मला वाटायचं, आलं आपल्याला इंग्रजी.

आमच्या खात्यात एक काका होते. एकोणीस वर्षं त्याच खात्यात घासलेली. गिरणीनं एक पाळी बंद केली तेव्हा त्यांच्या हातात इंग्रजीत टाईप केलेला कागद पडला. सही करून आणा म्हणाले. काका माझ्याकडे आले. "बाळा, तू शिकल्याला हायस. काय लिवलंय बघ जरा."

मी वाचलं. रिझाईन हा शब्द दिसला. ओळखीचा निघाला म्हणून आनंदच झाला. म्हणलं, "काका, पाळी बंद झाली, तुमचं काम सुटलं, असं लिहिलंय. करा सही."

काकांनी सही केली. पेन माझंच होतं.

नंतर युनियनच्या एका माणसानं फोड करून सांगितली. रिट्रेंच म्हणजे मालकानं कामगाराला कमी करणं, आपण ज्याला कपात म्हणतो ती. रिझाईन म्हणजे कामगारानं आपण होऊन राजीनामा देणं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कपातीत गेलेल्या कामगाराला नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागं पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून ठेवला होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा पंधरा दिवसांचा हिशोब राहिला. एकोणीस वर्षांचे झाले २८५ दिवस. राजीनामा देणाऱ्याला त्यातला एक दिवसही नाही. ग्रॅच्युइटीचा कायदा वेगळा, ते पैसे काकांना मिळाले. पण २८५ दिवसांचा पगार माझ्या वहीतल्या एका घरात गडप झाला.

मला झोप लागेना. सारखा विचार करायचो, हा फरक आपल्या मराठीत नाही का? आहे की. काम सोडलं, कामावरून काढलं, काम सुटलं. माझी आजी सहीच्या जागी अंगठा देते, पण ही तीन क्रियापदं ती कधी चुकवत नाही. सोडलं म्हणजे मी सोडलं. काढलं म्हणजे त्यानं काढलं. सुटलं म्हणजे कुणी काय केलं ते बोलायचं नाही. माझ्या तोंडून नेमकं 'सुटलं' आलं आणि करणारा लपला. म्हणजे फरक मला येत होता. पण साहेबाच्या केबिनबाहेर चपला काढाव्यात तशी इंग्रजी कागदापुढं मी माझी अक्कल बाहेर काढून ठेवली.

गिरणीत हे चालत नाही. चाळीस काउंटचं आणि साठ काउंटचं सूत नवख्या माणसाला सारखंच दिसतं. पण एकाची बॉबिन दुसऱ्यात गेली की कापडावर पट्टा उमटतो आणि सगळा माल परत येतो. म्हणून काउंटप्रमाणे बॉबिनचे रंग वेगळे ठेवतात. सुताच्या बाबतीत एवढी काळजी, आणि शब्दांच्या बाबतीत आपण म्हणतो, 'तेच ते'.

त्यानंतर मी बाबासाहेबांचं १९३६ चं जातिनिर्मूलनाचं भाषण पुन्हा काढलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं अध्यक्ष म्हणून बोलावलं, मजकूर पाहून संमेलनच रद्द केलं आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं, हे आपल्याला माहीत आहे. पण या वेळी मी मुद्दाम त्यातले जोडशब्द शोधत गेलो. जातीच्या कैवाऱ्यांचं म्हणणं, जात म्हणजे लेबरची वाटणी, कामाची वाटणी. बाबासाहेब म्हणतात, तेवढंच नाही, ही लेबररची वाटणी आहे, काम करणाऱ्या माणसांची. फरक एका रफाराएवढा. पण त्या फटीत आमचं सगळं घराणं मावतं.

माझा पणजा मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात होता. साळखात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, त्याला थुंकी लागे, आणि स्पृश्य कामगारांना त्याचा विटाळ. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं मांडला. विणणं आणि कातणं ही झाली कामाची वाटणी. ती जगात सगळीकडं आहे. पण कोण विणणार आणि कोण जन्मभर कातणार हे विटाळानं ठरलं, ती माणसांची वाटणी. दोन्ही शब्द एकाच घरात बसवले की पणज्यावरचा अन्याय दिसेनासाच होतो.

त्याच भाषणात रूल आणि प्रिन्सिपल यांचीही बाबासाहेब ताटातूट करतात. माझ्या डिक्शनरीत दोन्हीपुढं 'नियम'. पण रूल सांगतो हे कर, ते करू नकोस. प्रिन्सिपल तुला विचार करायला लावतं आणि केल्याची जबाबदारीही तुझ्यावर टाकतं. घटनेचं सतरावं कलम बघा. त्यात अस्पृश्यता अबॉलिश केली म्हणलंय आणि तिचं आचरण फॉरबिड केलंय म्हणलंय. मी आधी म्हणायचो, एकाच गोष्टीसाठी दोन शब्द कशाला? आता कळतं. अबॉलिश म्हणजे ती प्रथाच कायद्यानं मोडीत काढली. फॉरबिड म्हणजे तरीही कुणी पाळली तर त्याचा हात धरला. गावातल्या हॉटेलात कप वेगळा ठेवणाऱ्याला पहिला शब्द पुरत नाही, दुसरा लागतो.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, हा शब्दांचा कीस काढणं पंडितांचं काम, आपल्याला लढायचंय. मलाही असंच वाटायचं. मग सांगा, आपणच भाषणात राखीव जागांना 'सवलत' का म्हणतो? सवलत म्हणजे कन्सेशन. देणारा खूश असला तर देतो, बिनसलं की काढून घेतो. घटनेच्या सोळाव्या कलमात जो शब्द आहे तो प्रतिनिधित्वाचा आहे, सवलतीचा नाही. आपण समोरच्याचा शब्द आपल्या तोंडात घालून त्याच्याशीच भांडायला जातो. मग आपण हरतो तेव्हा आवाज कमी पडलेला नसतो, शब्द चुकलेला असतो.

आता खरा प्रश्न. मला इंग्रजी कमी येतं हा माझा गुन्हा का? नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर बंद होतं त्यांच्या नातवाला डिसमिस आणि डिस्चार्जमधला फरक उशिरा कळला, यात त्याचा दोष नाही. पण न कळताही मी 'तेच ते' म्हणालो. काकांपुढं 'येत नाही' म्हणायची लाज वाटली. शिकलेला म्हणून मिळालेला मान सोडवेना. हा दोष माझा. तो व्यवस्थेच्या खात्यात टाकता येणार नाही. भोळ्या माणसाचं अज्ञान त्याचं त्यालाच बुडवतं. अर्धवट शिकलेल्याचा रुबाब दुसऱ्याला बुडवतो.

म्हणून मी वहीतली घरं मोडली. आता दोन शब्द सारखे दिसले की प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो. करणारा कोण? सोसणारा कोण? आणि दिलेलं कुणाला परत घेता येतं? बोनस आणि बक्षीस, संप आणि टाळेबंदी, हक्क आणि मेहेरबानी. संपातही गिरणी बंद आणि टाळेबंदीतही बंद. पण कुलूप कुणी लावलं?

परवा काकांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. चूक माझी होती म्हणलं. काकी चहा ठेवायला आत गेल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग तवाच कुणाला तरी इचारायचं हुतंस की रं."

याला माझ्याकडं उत्तर नाही. अर्ज केलाय, युनियनचा माणूस सोबत आहे. काय होईल ते होईल. त्या अर्जातला शब्दन्‌शब्द मी तीन जणांना विचारून मग लिहिला. काकांना मराठीत दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"सुटलं नगं," म्हणाले. "काढलं, असं लिव."