मुखवट्यांची उतरंड

'डोरोहेडोरो' आवडणाऱ्यांमध्ये एक खेळ हटकून रंगतो. या मालिकेतल्या जादूगारांपैकी कोणाचा मुखवटा सर्वांत सामर्थ्यवान, याची उतरंड रचायची. शिनचा हृदयाच्या आकाराचा मुखवटा वर की नोईचा? एबिसुची कवटी कितव्या क्रमांकावर? लांब नाकाचा मुखवटा घालणारा बिचारा फुजिता तळाला, यावर बहुतेकांचं एकमत असतं. खेळ म्हणून यात वावगं काही नाही, आणि तो पोरकटही नाही. ज्या जगाबद्दल तो खेळला जातो, ते जगच उतरंडीवर उभं आहे. प्रश्न एवढाच आहे की आपण नेमकं काय मोजतो आहोत. मुखवट्याची ताकद मोजतो असं वाटत असताना आपण खरं तर त्या जगातल्या परवान्यांची प्रतवारी लावत असतो. आणि या कथेला सारा रस आहे तो परवाना नसलेल्यांमध्ये.

क्यू हायाशिदा या लेखिका-चित्रकर्तीने 'डोरोहेडोरो' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००० साली सुरू केली आणि २०१८ मध्ये संपवली; तिचे २३ खंड झाले. २०२० मध्ये मापा या स्टुडिओने युइचिरो हायाशी यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावर बारा भागांची अॅनिमे मालिका केली. कथेत दोन जगं आहेत. एक जादूगारांचं, आणि दुसरं 'होल' नावाचं कळकट, गंजलेलं, सतत ओलं शहर, जिथे माणसं राहतात. जादूगार एका दारातून होलमध्ये उतरतात, माणसांवर आपली जादू घोटवून बघतात आणि निघून जातात. मागे उरतात विद्रूप झालेली शरीरं. होलच्या इस्पितळात अशा जादूग्रस्तांसाठी वेगळा विभाग आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तापाच्या रुग्णांची सोय करावी, इतक्या सवयीने तो चालतो. कथानायक कायमान हा असाच एक जादूग्रस्त. त्याचं डोकं सरड्याचं झालं आहे आणि आपण मुळात कोण होतो हे त्याला आठवत नाही. जादूगार सापडला की तो त्याचं डोकं आपल्या जबड्यात धरतो. घशाच्या आत एक माणूस दिसतो, आणि हाच तो गुन्हेगार आहे की नाही, हे तो माणूस त्या जादूगाराला सांगतो.

या जगात जादू म्हणजे धूर. तो जादूगाराच्या अंगातून निघतो. शरीरातल्या नळ्यांतून वाहतो आणि बोटांतून किंवा तोंडातून बाहेर पडतो. ज्याचा धूर दाट आणि भरपूर, तो बलवान. म्हणजे सामर्थ्याचा उगम शरीरात आहे, मुखवट्यात नाही. मुखवटे घडवतात सैतान, आणि त्यांची मर्जी असेल त्याला ते मिळतात. उतरंड रचणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते. तलवारीची धार तलवारीतच असते. शिक्क्याची ताकद मात्र शिक्का देणाऱ्या हातात असते. हे मुखवटे दुसऱ्या जातीचे आहेत. हा इसम आमच्या नोंदीत आहे, एवढंच ते सांगतात.

'मुखवटा' म्हटलं की आजच्या मराठी लेखनात ढोंग आठवतं. अमक्याचा मुखवटा गळून पडला, खरा चेहरा उघड झाला, अशी वाक्यं रोज छापून येतात. पण याच भाषेत गौरीचेही मुखवटे असतात आणि पालखीत देवाचेही. पितळेचा किंवा मातीचा मुखवटा बसवला, साडी नेसवली, की ती गौर होते. तिथे मुखवट्यामागे काय दडलं आहे असं कोणी विचारत नाही, कारण तो दडवण्यासाठी नसतोच. त्याच्यामुळे देवी घरात येते. जपानी नो नाट्यपरंपरेतही मुखवट्याला 'ओमोते' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ चेहरा असाही आहे. नट आरसेघरात बसून मुखवटा चढवतो, आरशात त्या चेहऱ्याकडे पाहतो आणि मगच रंगमंचाकडे निघतो. 'ओकिना' या विधिवत प्रयोगात तर मुखवटा प्रेक्षकांसमोरच चढवला जातो. फसवणुकीचा प्रश्नच उरत नाही. हायाशिदाच्या जादूगारांचे मुखवटे या कुळातले आहेत. बलाढ्य जादूगार एन, शिन, नोई यांना मुखवटा काढायला लाज वाटत नाही. ओळख लपावी म्हणून ते तो घालत नाहीत. तो घातला की त्यांची ओळख पुरी होते.

मुखवट्यातून माणसाला पद आणि ओळख मिळते, ही कल्पना जुनी आहे आणि तिला एक काळी बाजू आहे. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९३८ मध्ये 'व्यक्ती' या संकल्पनेचा प्रवास मांडला. लॅटिनमधला 'पर्सोना' हा शब्द आधी मुखवट्यासाठी होता, मग नाटकातल्या भूमिकेसाठी आला आणि अखेरीस कायद्याने हक्क दिलेल्या माणसासाठी रुळला. रोममध्ये मोठी शासकीय पदं भूषवलेल्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे खानदानी घरांच्या दिवाणखान्यात जपले जात. अंत्ययात्रेत ते घातलेली माणसं रथांतून जात आणि त्यांच्या वेशावरून मृताच्या घराण्याची पायरी कळे; हे पॉलिबियसने लिहून ठेवलं आहे. आणि त्याच रोमच्या कायद्यात गुलामाला 'पर्सोना' नव्हता. त्याला चेहरा होता, मुखवटा नव्हता, म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो कोणी नव्हता. मराठीतला 'व्यक्ती' हा शब्द 'व्यक्त' शी बांधलेला आहे : जी प्रकट होते ती व्यक्ती. रोमन व्यवस्थेने प्रकट होण्याचा हक्क काहींनाच दिला.

हे लक्षात ठेवून होलकडे पाहिलं की चित्र स्वच्छ होतं. होलची माणसं जादूगारांना शत्रू वाटत नाहीत. शत्रू व्हायला आधी 'कोणीतरी' असावं लागतं. ती सरावाचं साहित्य आहेत, विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतल्या बेडकांसारखी. कायमानच्या तोंडावर बहुतेक वेळा असतो तोही मुखवटाच, पण तो गॅसमास्क. जादूगाराला मुखवटा वरून बहाल होतो. होलमधल्या माणसाच्या वाट्याला येतो तो श्वास गाळणारा. इतक्या वर्षांच्या जादूचा धूर त्या शहराच्या हवेत, मातीत, पाण्यात साचून राहिला आहे. आणि होलमध्ये पाऊस पडला की तो पाऊस जादूगारांनाच बाधतो. त्यांचाच धूर ढगात जाऊन त्यांच्याच अंगावर उतरतो. निकाइदो ही कायमानची मैत्रीण 'हंग्री बग' नावाचं छोटं खानावळीवजा दुकान चालवते. ती अशा पावसात आजारी पडते, आणि तिने आयुष्यभर झाकून ठेवलेली गोष्ट तिच्या शरीरानेच फोडायला सुरुवात केलेली असते : ती स्वतः जादूगार आहे.

निकाइदोपाशी येऊन ताकदीची उतरंड कोसळते. ती रचूनच बघावी. एन वरच्या पायरीवर हवा, यात शंका नाही. त्याचा धूर लागेल त्या वस्तूचं आणि माणसाचं अळंबं होतं; त्याच्या साम्राज्यापुढे बाकीचे जादूगार वाकतात. त्याच्या खालोखाल शिन, ज्याचा धूर समोरच्याचे तुकडे करतो पण जीव घेत नाही. शेजारी नोई, जी तुटलेलं कसलंही शरीर पुन्हा जोडून देते. पण एनसारखा बलाढ्य जादूगारही वर्षानुवर्षं ज्या जादूच्या शोधात असतो ती काळाची जादू आहे, आणि ती आहे निकाइदोकडे. मुखवटा न घालता, कमरेला एप्रन बांधून, होलच्या एका गल्लीत ग्योझा तळणाऱ्या बाईकडे. मुखवट्यांच्या यादीत तिला जागाच मिळत नाही. सर्वांत मोठी शक्ती यादीबाहेर उभी असेल, तर यादी ज्या मापाने केली ते माप तपासायला हवं. एन पुढे तिला बळजबरीने आपली जोडीदार करून घेतो, आणि तो अन्याय तिच्या सामर्थ्यावर जितका आहे त्याहून अधिक तिच्या निर्णयावर आहे. तिने व्यवस्थेतलं स्थान नाकारलं होतं, चेहरा पसंत केला होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हायाशिदाला तिच्या जादूगारांबद्दल कमालीचं प्रेम आहे. एनचं घर हे भीतीचं ठिकाण असलं तरी ते घरही आहे. ही माणसं एकमेकांसाठी जीव टाकतात, एकत्र जेवतात, भांडतात. मग यात पिळवणुकीची कहाणी वाचणं म्हणजे एका रक्ताळ, विनोदी, बेफाम करमणुकीवर आपलं समाजशास्त्र लादणं नव्हे काय? मला वाटतं, पिळवणुकीची बाजू ठळक होते ती याच प्रेमामुळे. एन राक्षस असता तर तो मेला की प्रश्न संपला असता. तो दुष्ट नसून सवयीने वागणारा आहे. त्याच्या लेखी होलची माणसं नाहीतच. आणि लेखिका दुसऱ्या बाजूलाही सवलत देत नाही. शिनची आई जादूगार आणि बाप माणूस. त्या बापाला मारलं ते होलच्याच गल्लीतल्या, वस्तीचं रक्षण करायला निघालेल्या टोळक्याने. मग त्या पोराने आपल्याच हातांना चिरा देऊन आतल्या धुराच्या नळ्यांपर्यंत पोचायचा प्रयत्न केला, आणि डॉक्टर कासुकाबेच्या मदतीने त्या मोकळ्या झाल्या. जन्माने दोन्हीकडचा असलेला मुलगा एका बाजूने हाकलला गेला म्हणून दुसरीकडचा झाला. त्याचा मुखवटा हृदयाच्या आकाराचा आहे. हृदय हा जादूगार आणि माणूस या दोघांच्याही छातीत सारखाच असणारा अवयव, हा निव्वळ योगायोग असेलही. पण त्याची कथा कळल्यावर त्या मुखवट्याकडे हत्यार म्हणून पाहणं मला जमत नाही.

तळाला ठेवलेल्या फुजिताचंही तसंच. त्याचा धूर इतका अशक्त की त्याला जादूगार म्हणायचं ते नियमाने. पण कायमानने मारलेल्या मात्सुमुराचं, आपल्या जोडीदाराचं दुःख त्या साऱ्या मुखवट्यांच्या गर्दीत फुजिताइतकं कोणीच वाहत नाही. सूडासाठी त्याच्याकडे ताकद नाही, तरी तो परत परत होलच्या दाराशी जातो. नोईने तर सैतान होण्याचं शिक्षण चालू असताना शिनचा जीव वाचवण्यासाठी ती संधीच गमावली; मुखवटे देणाऱ्यांच्या पंगतीत बसायची पायरी तिने एका मित्रासाठी सोडली. ताकदीच्या उतरंडीत यातलं काही मोजता येत नाही. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी मुखवट्यांवरच्या १९७५ च्या पुस्तकात दाखवून दिलं होतं की एखादा मुखवटा एकटा वाचता येत नाही. शेजारच्या मुखवट्यापासून तो कुठे वेगळा होतो, त्यात त्याचा अर्थ असतो. शिन आणि नोई यांना वेगवेगळे क्रमांक देणं म्हणूनच व्यर्थ आहे. एक तोडतो, दुसरी जोडते. एकाचा मुखवटा दुसरीशिवाय अर्धा.

आणखी एक हरकत घेतली जाईल : हे सगळं कागदावरच्या मांगाबद्दल ठीक, पण अॅनिमेत मुखवट्यांचा खरा उपयोग दृश्य दबदब्यासाठी आहे. दबदबा आहेच. पण अॅनिमे करणाऱ्यांनी बरीच पात्रं संगणकाच्या त्रिमितीत घडवली, आणि त्यामुळे एक वेगळाच लाभ झाला. मुखवटा हलत नाही, म्हणून भाव दाखवायचा तर मान, खांदे आणि चालच वापरावी लागते. नो नटांना हे शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे : मुखवटा किंचित वर केला की चेहरा उजळतो, खाली झुकवला की झाकोळतो, लाकूड तेच राहतं. त्यात नोचा मुखवटा नटाच्या चेहऱ्याहून थोडा लहान असतो, त्यामुळे हनुवटीची कड, त्यामागचं माणसाचं मांस, प्रेक्षकाला दिसत राहतं. 'डोरोहेडोरो'तही ती कड सतत दिसते. नोई मुखवट्यात असते तेव्हा समोर एक धिप्पाड पहिलवान उभा आहे असं वाटतं; तो काढला की हसरी, दिलखुलास बाई दिसते. तिने काही लपवलेलं नसतं. मुखवट्यावरून लिंग, ताकद, क्रौर्य सगळं गृहीत धरलेलं असतं ते आपण.

या मालिकेत जेवणाची दृश्यं इतकी का आहेत, याचं उत्तरही बहुधा इथेच आहे. मुखवटा घालून मारता येतं, करार करता येतो, हुकूम देता येतो. जेवता येत नाही. ताट समोर आलं की एनच्या वाड्यातली माणसं चेहरे उघडे करतात, आणि तेवढा वेळ कोण कोणत्या पायरीवर आहे हे जवळजवळ विसरायला होतं. होलमध्ये कायमान गॅसमास्क बाजूला ठेवतो. तेच तोंड, ज्यात त्याने कित्येक जादूगारांची डोकी धरली, ग्योझा भरभरून खातं, आणि समोर बसलेली निकाइदो त्याच्यासाठी दुसरी ताटली तव्यावरून उतरवते. तिला माहीत आहे की ती जादूगार आहे. त्याला अजून माहीत नाही. त्याच्या डोळ्यांभोवती क्रॉससारख्या खुणा आहेत, ज्यांचा अर्थ त्याला स्वतःलाच लावता येत नाही. तो शोधतो आहे तो आपला स्वतःचा चेहरा, जो कुठलाही सैतान घडवून देत नाही. आणि तोपर्यंत या सरड्याच्या चेहऱ्याला जो कोणी नावाने हाक मारतो, गरम जेवण वाढतो, त्याच्या टेबलाशी तो रोज येऊन बसतो.