दिंडी पोचली केव्हा म्हणावे?

सज्जन हो, काळ हे भगवंताचेच रूप आहे, हे गीतेच्या अकराव्या अध्यायात आपण नित्य ऐकतो. तेव्हा काळ पालटणार, यात नवल ते काय? विचार करावयाचा तो एवढाच की, त्या पालटात कोण पुढे जाईल आणि कोण मागे राहील.

डहाणू-तलासरीचा मुलूख पाहा. पूर्वी तेथील वारली लग्नापुरते कर्ज काढी, आणि मग नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत राहत. त्याला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ सालच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. गोदावरी व शामराव परुळेकर पाठीशी उभे राहिले, आणि 'वेठ करणार नाही' असा निर्धार झाला. काळ आपणहून पालटला नाही बरे! माणूस उठला, तेव्हा पालटला.

आता दुसरा काळ दारी आला आहे. डहाणू तालुक्यात वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदरास जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. समुद्रात भर घालून १,४४८ हेक्टर जागा करावयाची आहे. याच मुलखातून बुलेट ट्रेनचा व द्रुतगती महामार्गाचा मार्ग जातो. येत्या वीस-तीस वर्षांत कामधंदा येईल, वस्ती वाढेल. परंतु शेताला सातबारा असतो. समुद्राला कुठला सातबारा? पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्याची वहिवाट कोणत्या कागदावर मोजणार? आणि ज्याला जमिनीचे पैसे मिळाले, त्याने ते लग्नात नि मोटारसायकलीत उडविले, तर त्याचा मुलगा बापाच्याच जमिनीवर दुसऱ्याचा पहारेकरी व्हायचा. लग्नगडीच तो, फक्त टोपी नवी!

कोणी म्हणेल, बुवा, कीर्तनात हे कशाला? अहो, दिंडी पंढरीस पोचली असे केव्हा म्हणावे? पताका पोचली म्हणजे? छे! डोईवर तुळस घेतलेली शेवटची म्हातारी वाळवंटात उतरली म्हणजे. राष्ट्राची वाटचालही याच मापाने मोजावी.

म्हणून तिकडच्या माळकऱ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. पैसा हाती येताच आधी मुलामुलींच्या शिक्षणाची तजवीज करा. कागद वाचून घेतल्यावाचून अंगठा देऊ नका; शेजाऱ्याला वाचता येत नसेल तर त्याचाही वाचून द्या. पोटासाठी परमुलखातून येईल त्या मजुराला परका म्हणू नका. वारीत आपण कोणाला गाव विचारून पाया पडतो काय? एवढे केले, तर येणारा काळ कसाही येवो, मागे कोणी राहणार नाही.

रामकृष्णहरि.